प्रश्नावली राहू द्या, प्रकल्पांचा गठ्ठा सोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात चार वर्षांपासून ग्रंथपाल असलेल्या मॅडम विचारतात: ‘विद्यार्थी प्रकल्प जसेच्या तसे उतरवून आणतात. यावर माहिती साक्षरतेच्या अंगानं पेपर करायचा आहे. तीस प्रश्नांची प्रश्नावली गुगल फॉर्मवर तयार आहे. ती दोनशे मुलांकडून भरून घेऊ का? आणि पेपर कुठल्या परिषदेत वाचू?’ (माहिती साक्षरता म्हणजे हवी ती माहिती शोधता, पारखता आणि नीट वापरता येणं.)

मॅडम, तो फॉर्म पाठवू नका. त्याहून मोलाचा पुरावा तुमच्याच महाविद्यालयात, एखाद्या कपाटावर सुतळीनं बांधून पडलेला असणार. मागच्या वर्षीच्या पर्यावरण प्रकल्पांचा गठ्ठा.

मी तीस वर्षं ग्रंथालयात काढली आणि नोकरीला लागल्यावर पहिला पेपर तुम्ही म्हणता तसाच केला. ‘तुम्ही लिखाणात संदर्भ देता का?’ असा प्रश्न होता. जवळजवळ सगळ्यांनी ‘होय’वर खूण केली. मी टक्के काढले, पाय चार्ट काढले, पेपर वाचला, प्रमाणपत्र घेतलं. एकही पोर प्रत्यक्षात कसं लिहितं हे त्यातून मला कळलं नाही. पोरं खोटं बोलत नव्हती. शेवटच्या पानावर पाच पुस्तकांची नावं लिहिली की संदर्भ दिला, असंच त्यांना शाळेपासून वाटत आलेलं असतं. त्यांच्या समजुतीप्रमाणं ‘होय’ हे उत्तर बरोबरच होतं. आपण समजूत मोजतो आणि निष्कर्ष मात्र कौशल्याबद्दल काढतो, ही प्रश्नावलीची मूळ अडचण आहे. तीसच्या जागी साठ प्रश्न केले तरी ती सुटत नाही.

या विषयाचा इतिहास प्रस्तावनेत चार ओळींत उरका. ‘माहिती साक्षरता’ हा शब्दप्रयोग पॉल झुरकोव्स्की यांनी अमेरिकेत १९७४ मध्ये केला आणि तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर विद्यार्थी नव्हते, कामावर माहिती वापरणारी माणसं होती. १९८९ मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या समितीनं व्याख्या दिली, २००० मध्ये तिथल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संघटनेनं मानकं केली. तीच मानकं त्यांनी २०१६ मध्ये मागं घेतली आणि त्यांच्या जागी माहितीबद्दलच्या सहा मूलकल्पनांची चौकट आणली. आपल्याकडचे पुष्कळ पेपर अजून २००० च्या मानकांवरच प्रश्नावल्या बेततात. तेवढी चूक टाळा.

आता मुद्द्याचं संशोधन. रेबेका मूर हॉवर्ड आणि सँड्रा जेमिसन यांनी अमेरिकेत ‘सायटेशन प्रोजेक्ट’ केला. त्यांनी मुलांना काही विचारलंच नाही. १६ महाविद्यालयांतले १७४ निबंध घेतले, त्यातला एकेक संदर्भ, एकूण १,९११, मूळ स्रोत उघडून ताडून पाहिला. मुलानं मूळ मजकुराचं केलं काय? जसंच्या तसं उचललं, शब्द इकडंतिकडं केले, स्वतःच्या शब्दांत सांगितलं, की सगळ्या म्हणण्याचा सारांश दिला? खरा सारांश निघाला फक्त ६ टक्के ठिकाणी. आणि ४६ टक्के संदर्भ मूळ स्रोताच्या पहिल्याच पानावरचे होते. म्हणजे मुलं स्रोत वाचतच नव्हती, त्यातून हवं ते वाक्य वेचून घेत होती. ज्या मुलांची लिखाणाची भाषा इंग्रजीच आहे, त्यांची ही गत. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा आपल्या पोरांवरचा माझा निम्मा राग उतरला.

शब्द इकडंतिकडं करून मूळ वाक्याचा सांगाडा तसाच ठेवण्याला हॉवर्ड यांनी एक नाव दिलं आहे, त्याला मी मराठीत ‘ठिगळलेखन’ म्हणतो. त्यांचं म्हणणं असं की याला सरसकट चोरी म्हणू नका. मजकूर पुरता न कळलेला माणूस शिकता शिकता असंच लिहितो, ती एक पायरी आहे. मला हे पटतं, पण थोडं पुढं जाऊन. आपल्याकडं बायका वाकळ शिवतात, तीही ठिगळांचीच असते. पण कुठलं ठिगळ आईच्या लुगड्याचं आणि कुठलं धाकट्याच्या सदऱ्याचं, हे शिवणारीला पक्कं ठाऊक असतं. आपल्या मुलाला ते ठाऊक नसतं. त्याला ठिगळ ओळखायला शिकवणं, हेच माझ्या मते आपलं काम.

मराठीत ही गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते आणि तुमच्या पेपरचं नवेपण इथंच आहे. प्रकल्पांच्या गठ्ठ्यात हमखास भेटणारं हे वाक्य बघा: ‘पूर हे पाण्याचे ओव्हरफ्लो आहे जे सहसा कोरडी असलेली जमीन बुडवते.’ मराठीत कुणी असं बोलतं का? हे इंग्रजी वाक्याचं यंत्रानं केलेलं भाषांतर आहे आणि ते ज्याच्या घरात दोनदा पुराचं पाणी शिरलं अशा शिरोळ तालुक्यातल्या मुलाच्या प्रकल्पात असतं. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला यात काही सापडण्याची शक्यता फार कमी, कारण मूळ मजकूर इंग्रजीत आणि हा मराठीत. त्यात बरेच प्रकल्प महाविद्यालयासमोरच्या डीटीपीवाल्याकडं जुन्या फाँटमध्ये टाइप होतात. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, नसतो, सॉफ्टवेअरला तो मराठी म्हणून दिसतच नाही, दिसते ती इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग. मग अहवालात साम्य शून्य येतं आणि विभाग निश्चिंत होतो.

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे वाङ्मयचौर्य प्रतिबंधाचे नियम तुम्हाला पाठ असतील. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर काही नाही, ४० पर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ६० पर्यंत असेल तर एक वर्ष थांबायचं, त्यापुढं नोंदणी रद्द. नियम आवश्यक आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांनी आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक टक्का बसवला आहे. सेमिनारमध्ये माहिती साक्षरतेवर बोलायला उठलेला माणूस पाचव्या मिनिटाला टक्क्यांवर येतो. टक्का सांगतो शब्द किती जुळले. मुलाला स्रोत कळला का, हे तो सांगत नाही.

ते कसं कळतं, त्याचा एक प्रसंग सांगतो. शिरोळकडच्या नदीकाठच्या गावचा एक मुलगा २०१९ च्या महापुरावर प्रकल्प घेऊन आला होता. पारदर्शक कव्हर, स्पायरल बाइंडिंग, आत प्रस्तावना, उद्दिष्टं, गृहीतकं, सगळं क्रमानं. दुसऱ्या प्रकरणात वाक्य होतं, ‘महापुरात पाण्याची पातळी ५५ फुटांवर गेली.’ मी विचारलं, “हे ५५ फूट कुठले?”

“नेटवरनं घेतलंय, सर.”

“तुझ्या गावात ५५ फूट पाणी होतं?”

तो थांबला. जरा विचार करून म्हणाला, “न्हाई सर, ते कोल्हापूरचं असंल. आमच्यात उंबऱ्याच्या आत छातीएवढं होतं.”

त्या एका उत्तरात मला माझा सगळा विषय दिसला. कोल्हापुरात पावसाळ्यात रोज जी पातळी सांगतात ती पंचगंगेवर कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजलेली असते. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण हा आकडा एका ठिकाणच्या एका पट्टीवरचा आहे. तो शिरोळ तालुक्याच्या प्रकल्पात नुसताच टाकला की खोटा होतो, जरी मूळ बातमी शंभर टक्के खरी असली तरी. २०१६ च्या चौकटीतली पहिली कल्पना हीच आहे की कुठल्याही माहितीचा अधिकार तिच्या संदर्भात असतो. हे वाक्य वर्गात फळ्यावर लिहून मी वर्षानुवर्षं शिकवलं होतं आणि मुलं जांभया देत होती. राजाराम बंधाऱ्याची पट्टी सांगितली की पाच मिनिटांत कळतं.

पुढचं ऐका. मी त्याची प्रत पालथी ठेवली आणि म्हटलं, “आता वाचायचं नाही. पूर कसा आला ते मला सांग.” तो सांगायला लागला. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार झालं, म्हणजे पाणी देवळात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडायला लागलं, की त्यांच्या घरी धान्य माळ्यावर चढवतात. त्या वर्षी धान्य चढवलं, जनावरं सोडवली, आणि तरी पुरलं नाही. हे सगळं त्याच्या प्रकल्पात कुठंच नव्हतं, कारण आपल्याला माहीत असलेलं हे ‘माहिती’ असतं असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मग त्यानं माझ्यासमोर पेन घेऊन लिहिलं: ‘कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांवर गेल्याची बातमी होती. त्याच दिवसांत आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं, ते मी स्वतः पाहिलं.’ दोन वाक्यं, दोन स्रोत, आणि कुठलं कुणाचं ते स्पष्ट. एवढं जमलं की पुढं संदर्भ लिहायची पद्धत कुठलीही शिकवा, ती बसते. उलट क्रमानं गेलात, आधी स्वल्पविराम आणि तिरपी अक्षरं, तर काही बसत नाही.

त्याच्या निष्कर्षात ‘अलमट्टीमुळे (कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या धरणामुळे) पूर आला’ असंही होतं, त्याच्या पुढं काही नाही. ‘हे कोण म्हणतं?’ या प्रश्नावर ‘सगळेच म्हणतात’ असं उत्तर आलं. मग आम्ही बसलो. २०१९ नंतर राज्य सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल २०२० मध्ये आला, अलमट्टीबद्दल दोन राज्यांत वाद आहे, अभ्यासकांचंही एकमत नाही. त्यानं अहवाल पुरता वाचला असं मी म्हणणार नाही. पण ‘अलमट्टीमुळे पूर आला’ हे वाक्य खोडून त्यानं ‘अलमट्टीमुळे पूर वाढला का याबद्दल वाद आहे’ असं केलं आणि कोण काय म्हणतं ते खाली लिहिलं. अभ्यासकांच्या बोलण्यात त्यानं आपली खुर्ची ओढून घेतली, असं मला त्या दिवशी वाटलं.

तर मॅडम, तुमचा पेपर असा करा. पर्यावरणाच्या प्राध्यापकांना भेटून मागच्या वर्षीचे गुण देऊन झालेले वीस-पंचवीस प्रकल्प मागा. गुण देऊन झालेलेच मागा, म्हणजे तुमच्या तपासणीतून कुणाचं नुकसान व्हायची शक्यता राहत नाही. प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या, शक्य तिथं मुलांचीही. पहिलं पान काढून क्रमांक घाला, नावं तुमच्या वहीतसुद्धा नकोत. मग प्रत्येक प्रकल्पाची संदर्भसूची घ्या आणि एकेक स्रोत शोधा. पुस्तक तुमच्या ग्रंथालयात आहे का? असेल तर त्या वर्षी देवघेव नोंदीत ते बाहेर गेलेलं दिसतं का? हा पुरावा फक्त ग्रंथपालाकडं असतो, प्राध्यापकाला तो मिळत नाही. मात्र पुस्तक बाहेर गेलं होतं का, एवढंच बघा, कुणी नेलं ते नको. संकेतस्थळाचा पत्ता उघडतो का? उघडला तर प्रकल्पातला मजकूर त्यात आहे का? आणि सूचीत नसलेल्या कुठून किती मजकूर आला? अलीकडं आणखी एक गोष्ट सापडते: लेखकाचं नाव आहे, शीर्षक आहे, वर्षही आहे, पण असं पुस्तकच अस्तित्वात नाही. चॅटजीपीटीसारखी साधनं असे संदर्भ बिनदिक्कत तयार करून देतात आणि प्रश्नावलीत कुणी ते कबूल करणार नाही. गठ्ठ्यात ते आपोआप उघडे पडतात.

स्रोत सापडला की मजकूर ताडा. उतारा, ठिगळ, स्वतःचे शब्द, सारांश, हे चार प्रकार ठेवा आणि मराठीसाठी पाचवा जोडा: यंत्रभाषांतर. प्रत्येकाची व्याख्या दोन ओळींत लिहून मगच सुरुवात करा. निदान पाच प्रकल्प तुम्ही आणि एखादे मराठीचे किंवा भूगोलाचे सहकारी, दोघांनी वेगवेगळे तपासा आणि मग शेजारी ठेवून बघा. जुळलं नाही तर भांडा, व्याख्या सुधारा, पुन्हा तपासा. कुठं जुळलं नाही आणि का, हेही पेपरमध्ये सांगा. चांगला श्रोता तेच ऐकायला बसलेला असतो. वीस प्रकल्पांवर सांख्यिकी चाचण्या लावत बसू नका, साधी मोजदाद द्या. आणि जमलं तर तीन मुलांना बोलावून त्यांचा प्रकल्प समोर ठेवून विचारा, ‘हे वाक्य कुठून आणलंस, तेव्हा काय करत होतास?’ रागावून नको, चहा घेत. त्या तीन मुलाखती दोनशे फॉर्मना भारी पडतील.

एक गोष्ट प्राध्यापकांशी आधीच ठरवा. हे संशोधन मुलांना पकडण्यासाठी नाही. विषयच ‘महापूर’ असा अख्खा दिला, पानं चाळीस मागितली आणि मुदत शेवटच्या आठवड्यातली दिली, तर मूल नेटवरनंच उचलणार. गठ्ठा तपासताना आपल्या सूचनाही तपासल्या जातात, आणि ते कबूल करायची तयारी हवी. मराठी विश्वकोश आता घरबसल्या मोफत वाचता येतो, शोधगंगेवर शिवाजी विद्यापीठाचे प्रबंध आहेत, शहरात १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे. मुलांच्या संदर्भसूचीत यातलं काही का नाही, याचं उत्तर अर्धं मुलांकडं आणि अर्धं आपल्याकडं आहे.

आता परिषद. पहिल्यांदा हा पेपर जवळच्याच एखाद्या एकदिवसीय सेमिनारमध्ये वाचा, पण वेळ किती मिळणार ते आधी विचारा. समांतर सत्रात पाच मिनिटं, प्रश्नांना जागा नाही, आणि शुल्क भरलं की विशेषांकात छापून येणार, असं असेल तर जाऊ नका. मी अशा सत्रांना गेलो आहे. माझ्याआधीच्याचं बोलणं मी ऐकलं नाही, माझं पुढच्यानं ऐकलं नाही, आणि दुपारी प्रमाणपत्रांच्या रांगेत सगळे भेटलो. कामाला न्याय मिळत नाही. ‘दोन दिवसांत पेपर प्रसिद्ध’ असे व्हॉट्सॲपवर येणारे निरोप तर उघडूच नका. यूजीसीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केली, त्यामुळं नियतकालिक पारखायची जबाबदारी आता आपल्यावर आहे. मागचे अंक वाचायला मिळतात का, परीक्षकांचा शेरा लेखकाला येतो का, संपादक मंडळातली माणसं खरंच त्या विषयातली आहेत का, एवढं तरी बघा.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे इन्फ्लिबनेटची, म्हणजे विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या यूजीसीच्या केंद्राची, कॅलिबर परिषद, १९९४ पासूनची. तिथं तंत्रज्ञानाकडं कल जास्त असतो, पण जुने फाँट आणि साम्य शून्य हा तुमचा भाग तिथं चालेल. परदेशात या विषयाला वाहिलेल्या परिषदा आहेत. अमेरिकेत लोएक्स, जिचं काम १९७१ पासून चालू आहे, ब्रिटनमध्ये २००५ पासून लायलॅक, आणि युरोपात ईसीआयएल, जिची पहिली परिषद २०१३ मध्ये इस्तंबूलला झाली. प्रत्यक्ष जायचा खर्च आपल्याला झेपेलच असं नाही, म्हणून निराश होऊ नका. त्यांच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका काढून वाचा. लायलॅकची पुष्कळशी सादरीकरणं मोफत बघायला मिळतात. तिथली माणसं कुठला प्रश्न विचारतात ते बघितलं की परिषदेला पाठवायचा आपल्या पेपरचा सारांश कसा लिहायचा ते समजतं. आणि मराठीतलं यंत्रभाषांतर हा तिथल्या कुणाच्या गठ्ठ्यात नसलेला माल तुमच्याकडं आहे.

भाषेबद्दल विचारलेलं नाही, तरी सांगतो. पेपर आधी मराठीत लिहा. पुरावा मराठीत आहे, तो मराठीतच नीट उलगडतो. नंतर इंग्रजीत नेताना मुलांची मूळ वाक्यं देवनागरीत तशीच ठेवा आणि खाली अर्थ द्या. भाषांतर करून दिलंत तर ज्यासाठी पेपर लिहिला तो पुरावाच पुसला जातो.

घाई एकाच गोष्टीची करा. निकाल लागून ठरावीक काळ झाला की जुने प्रकल्प रद्दीत जातात. आमच्याकडं मे महिन्यात कपाटं रिकामी करायची पद्धत होती आणि एकदा मी दोन दिवस उशिरा पोहोचलो, तेव्हा आवारात नुसत्या स्पायरलच्या तारा पडलेल्या होत्या. उद्याच विभागात जाऊन सांगा की यंदा दोन गठ्ठे बाजूला ठेवा, आणि शिपायाला वेगळं सांगा, कारण रद्दीवाला त्याच्याकडंच येतो.